अख्खी भाकरी

न्हाय न्हाय, ते पाणी नगा घिऊ — ठेवा, ठेवा तो तांब्या खाली, ताई, च्या टाकते की मी, पावण्यानं काय नुसतं पाणी पिऊन बसायचं असतंय व्हय? — तसं काय न्हाय त्यात, जरा माती हाय, सकाळधरनं तांबडंच येतंय, पदरानं दोनदा गाळलं मी, तरी बुडाला बसतंयच — पावसाळा म्हणल्यावर व्हायाचंच. गगनबावड्याचा पाऊस हाय ह्यो, तुमच्या राजारामपुरीतला न्हवं, की आला, गटार भरली आन गेला. हितं आला की मुक्कामालाच येतोय, जावयागत. बसा. त्या भिताडाला टेकू नगा — म्हंजे टेका की, काय हुतंय त्येला, नवं भिताड हाय, जांभ्याचं, माझ्या डोळ्यादेखत बांधलंय — पर हिकडं बसा, दाराकडं. उजेड हाय हितं. हां, असं.

मी बायडाबाई. तुमच्या मालकास्नी झरा दावाय वर घिऊन गेलाय न्हवं, विश्वजित — त्येची आई. पर बायडाबाई म्हणून हितं कोण हाक मारत न्हाय मला, समदी आक्काच म्हणत्यात, तुमी बी म्हणा. तुमचं नाव काय म्हणला? तेजस्वी. झ्याक हाय. ही झोळीतली व्हय? ही वसीमची पोरगी. त्येची बायको शाहिस्ता खालच्या वावरात उदयसिंहासंगं रोप लावाय गेलीया, वसीम बी वर गेलाय पावण्यांबरूबर, मग पोरगी कुणाकडं? आक्काकडं. हितं असंच असतंय बघा. एक शेत, एक घर, एक चूल. निजायच्या खोल्या तेवढ्या ज्येच्या त्येच्या, बाकी समदं समद्यांचं. जमीन आमची, गुरं आन बियाणं उदयसिंहानं त्येच्या नेसरीस्नं आणलं, ही दारं-खिडक्या वसीमच्या हातच्या — ज्येला जे जमंल त्येनं ते करायचं, पिकलं की मिळून खायाचं, उरलं की कोल्हापुरात इकायचं. खताचं पोतं न्हाय, फवारणी न्हाय. आन बांध न्हाईत! बांध कोरला म्हणून माझ्या सासऱ्यानं सख्ख्या भावाचं टाळकं फोडलंतं, मरूस्तवर बोलला न्हाय त्येच्यासंगं — आन माझ्या ल्येकानं समदं बांधच काढून टाकलं. म्हणला, आई, भांडणाला जागाच ठिवली न्हाय. मी म्हणलं, बाबा, माणसं ठिवलीस न्हवं? मग जागा गावंल त्यास्नी. हसा, हसा. हसू आलं की बरं वाटतंय.

खोली बघितली, तुमी राहायला आला तर मिळंल ती? ती शेवटली, डोंगराच्या अंगाची. तितं ज्ञानू आन त्येची बायको हुती. गेली ती, शिमग्याच्या टायमाला — न्हाय, भांडण न्हाय, तंटा न्हाय, लेकीकडं चार दिस जाऊन येतो म्हणाली. येत्याल की. खोलीला नाव ठिवायला जागा न्हाय, वारं हाय, उजेड हाय, खिडकीतनं हात काढला तर डोंगराला लागंल — पर मी म्हणते, दिवाळीत या. आवं ह्या दिसात सामान कुठं हलवायचं, गाद्या भिजत्यात, कपड्यास्नी बुरशी येती, ल्येकराला — ल्येकरू हाय न्हवं तुमास्नी? एक हाय. मग तर दिवाळीतच या. दिवाळीत हितं काय देखणं असतंय म्हणून सांगू, नाचणी कापणीला — थांबा. ऐकलं? — काय न्हाय. फणस पडला असंल. पिकून गळत्यात आता, गुरं खात्यात. फणसच. फणसाचाच आवाज असा येतोय, धप्पकन.

काय बघताय पायाकडं? चप्पल व्हय? चुलीम्होरं चप्पल घालून बसलेली म्हातारी कवा बघितली न्हाय, व्हय की न्हाय? माझ्या सासूनं बघितलं असतं तर जळतं लाकूड हाणलं असतं. फरशी गार लागती, ताई, वय झालं — आन खोटं कशाला बोलू, भाकरीचं पीठ हाय हातात — रातीला बी घालूनच निजते. परवापास्नं. काय सांगता येतंय, उठून पळायचं झालं तर अंधारात चप्पल कुठं हुडकत बसू? — म्हंजे इच्चू-काटा निघतोय न्हवं पावसाळ्यात. त्येच्यासाठनं. आं? ते दार लागत न्हाय, ढकलू नगा, राहू दे उघडंच. लाकूड फुगतंय. काल दुपारपतूर लागत हुतं. वसीमनं सकाळी रंधा मारला त्येला, घासलं, तासलं, तरी वरच्या कोपऱ्यात अडतंय आन खाली बोटभर फट. लाकूडच की. पावसात लाकूड फुगतंय. — पर चौकट दगडाची हाय, ताई. दगड फुगतोय व्हय?

च्या घ्या. गुळाचा हाय, तांबडा दिसतोय तो गुळानं. मी आपली भाकरी थापत थापत बोलते हां, वर गेलेली माणसं येत्याल भुकेली. ह्यो आवाज व्हय, पाण्याचा? झऱ्याचा पाइप हाय त्यो. डोंगरावरनं आपसूक येतंय पाणी, मोटर न्हाय का काय न्हाय, त्या दगडी कुंडीत रातध्याड पडतंय. नव्या माणसाला आधी झोप येत न्हाय त्येनं, मग सवय हुती, मग त्येच्याबिगर झोप येत न्हाय. पूर्वी ह्यो झरा शिमगा झाला की आटायचा. घागर डोईवर घिऊन मी वढ्याला जायाची, मान बघा कशी झालीया. मग उदयसिंह माणदेशात शिकून आला, पाणी अडवा, पाणी जिरवा — त्येनं समद्यास्नी संगं घिऊन डोंगराला आडवं चर काढलं, ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर, घराच्या बरूबर वर. काय दिस हुतं ते! वसीम खांदतोय, शाहिस्ता माती वढतीया, ज्ञानू गाणी म्हणतोय, आन पहिल्या चराला नारळ मी फोडला, माझ्या ह्या हातानं. आन खरंच की, पुढच्या वैशाखात सुदिक पाइप वाहता! रडले मी कुंडीपाशी बसून. कुणाला नावं ठिवू आता? माणदेशात पाऊस म्हंजे तुळशीला घातलेलं पाणी, त्यो अडवायलाच पायजे. हितं आभाळच फाटतंय, हितलं पाणी वाट करून लावून द्यायचं असतंय — हे कुणाच्याच डोस्क्यात आलं न्हाय. माझ्या बी न्हाय, माझा जनम गेला हितं. डोंगर पितोय म्हणलं, पिऊ दे. किती पितोय ते कोण बघतंय.

न्हाय, काय झालं न्हाय. काय झालंय? विश्वजित मला म्हणला, आई, तू फकस्त जेवाय घाल, बाकीचं मी सांगतो त्यास्नी, वर घिऊन जाऊन दावूनच सांगतो. लपवायचं न्हाय त्येला, तसला न्हाय त्यो. तर मी काय सांगत न्हाय. फकस्त — शाहिस्ता मागल्या बाजारादिशी रानभाजी हुडकाय वर गेलती आन पाय आत गेला तिचा. गुडघ्यापतूर. चराच्या वरल्या अंगानं भेग पडलीया डोंगराला, लांबच्या लांब, टाचंला पडती तशी. पोरांनी प्लास्टिक हातरलं, दगडं ठिवली, चराची तोंडं फोडली पाणी जावं म्हणून — पर पोटात गेलेलं पाणी कोण काढणार? पहिल्या दिशी माझं बोट शिरत हुतं त्या भेगंत. काल मूठ शिरली. व्हय, जाऊन आले मी काल, कुणाला न सांगता, शेण गोळा कराय जाते म्हणून. आन ते कुत्रं बघा आमचं — ते काय, डांबरी रस्त्यावर, पावसात बसलंय. परवापास्नं अंगणात पाय ठिवत न्हाय. भाकरी दावली तर शेपूट हालवतंय, पर येत न्हाय. मी हाका मारून मारून दमले. त्येला काय ठावं, जनावर हाय, म्हणलं. आन रातभर त्येच्याकडंच बघत बसले दारातनं.

मग हितं का बसलाय म्हणता? बरूबर हाय, इचारणारच की कुणीबी. — एक मिनिट, करपंल ही. — हितं हात वर करून काय ठरवायचं न्हाय, ताई. आधी तसंच करत हुतो, तर तिघं जिंकायची आन एक रुसायचा, आन रुसलेल्या माणसाच्या हातची भाजी सुदिक खारट हुती. मग मीच सांगितलं माझ्या म्हायेरची रीत. चौघं चुलतं एकत्र हुतं तितं. पंगत बसायची, समद्यांच्या ताटात भाकरी वाढायची, आन मग बोल टाकायचा — बैल इकायचा का, हीर काढायची का. ज्येला पटलं त्येनं भाकरी मोडायची. ज्येला पटलं न्हाय त्येनं हात लावायचा न्हाय. एक जरी भाकरी अख्खी राहिली तरी ते काम व्हायचं न्हाय. मग भांडायचं न्हाय, टोमणा मारायचा न्हाय, आन ती भाकरी दुसऱ्यानं मोडायची न्हाय — ज्येची त्येनंच मोडायची, उद्या मोडू दे न्हायतर वर्सानं. पोरास्नी लई आवडली. उदयसिंह म्हणला, आक्का, हेच्यापायी घर टिकंल बघा. टिकलं बी. ज्ञानूच्या बायकूनं एकदा म्हशी आणायच्या बोलाला सा म्हयने भाकरी मोडली न्हाय, तर सा म्हयने म्हस आली न्हाय — हसलो समदी, पर आली न्हाय.

परवाच्या पंगतीला विश्वजितनं बोल टाकला. समद्यांनी खाली गावात जायाचं, शाळंच्या खोलीत राहायचं, पाऊस वसरूस्तवर. सरपंचाला इचारून बी आलता. वसीमनं मोडली. शाहिस्तानं मोडली, पोरगी मांडीवर घिऊन. उदयसिंहानं मोडली — चर त्येच्या डोस्क्यातनं आलेलं, त्येला तर डोळ्याला डोळा न्हाय. विश्वजितनं मोडली. एक राहिली.

माझी राहिली.

अशी बघू नगा माझ्याकडं. व्हय, माझी. मी म्हणलं, ह्यो डोंगर माझ्या सासऱ्याच्या बानं बघितलाय, कवा हालला न्हाय, आता काय हालतोय! असं मोठ्यानं म्हणलं. आन कुणी एक सबूद बोललं न्हाय मला. म्हणायचं की, म्हातारे, खुळी झालीस काय? वराडायचं की माझ्यावर! भांडले असते, रडले असते, मोडली असती. पर न्हाय. रीत म्हंजे रीत, आन ती मीच दिलेली. उदयसिंह म्हणला, आक्कांचं न्हाय म्हंजे न्हाय, आन ताट घिऊन उठला. शाहिस्तानं झोळी त्यांच्या खोलीतनं सोडली आन हितं आणून बांधली, दारापाशी. गाठ दोनदा वढून बघितली.

का म्हणून इचारू नगा. — इचारा की, आता काय राहिलंय. वरल्या अंगाला वाडी हुती आमची, भरलेली, सकाळी समद्या छपरांतनं धूर निघायचा. एकेक घर चार दिसांसाठनं म्हणून खाली उतरलं. कुणी पोराच्या शाळंसाठनं, कुणी सुनंच्या बाळंतपणाला, कोल्हापूरला, म्हमईला. चार दिस! कोंबड्या माझ्या पदरात घालून गेलेली माणसं, आक्का, चार दिस दाणं टाक म्हणून. त्या कोंबड्या म्हातारपणानं मेल्या, माणसं आली न्हाईत. विश्वजित बी पुण्याला हुता तवा. एवढ्या डोंगरात मी एकटी, ताई, सांजंला दिवा लावताना वाटायचं, कुणासाठनं लावतीया? भिताडाच्या पलीकडं खोकायला सुदिक माणूस न्हाय. मग ही समदी आली. आता रातीला उदयसिंह घोरतोय, पोरगी किरकिरती, वसीम उठून पाणी पितोय, तवा कुठं माझा डोळा लागतोय. आन ती म्हणत्यात, चार दिस खाली जाऊया. ज्ञानू बी तसंच म्हणलाता! एकदा का ह्या उंबऱ्याबाहीर पडली, की शाळंत अडचण हुती म्हणत्याल, आपल्या आपल्या गावाला जाऊन येतो म्हणत्याल, आन पाऊस सरल्यावर ही चूल पेटवाय परत कोण यील? मी यीन. एकटी मी. डोंगराला भिते मी, भिते की, एक भाकरी गोल थापली न्हाय सकाळपास्नं — पर ह्या घरात एकटं राहायला त्येच्यापरीस जास्त भिते. घ्या. खरं काय ते सांगितलं. पोटच्या पोराला सांगितलं न्हाय, तुमास्नी सांगितलं, आन तुमी कोण, सकाळच्या येष्टीनं आलेली पावणी.

काय म्हणाला? — न्हाय, ऐकलं मी. ऐकलं. पोरीची भाकरी कुणी इचारली म्हणता. व्हय. खरं हाय. हिला कोण इचारतंय, हिला अजून दातच न्हाईत. — जुलेखा. वसीमच्या आईचं नाव ठिवलंय. माझ्याच मांडीवर उपडी पडाय शिकली. बघा कशी निजलीया, आक्का हाय म्हणून निवांत. आन आक्का काय करतीया?

ती भाकरी हितंच हाय. ह्या दुरडीत, फडक्याखाली. परवाचीच. गाईला घालाय म्हणून उचलली दोनदा, घातली न्हाय. दगड झालाय तिचा, हे बघा, वाजतीया. ज्येची त्येनंच मोडायची. मोडते की मी, मोडायची न्हाय म्हणून कोण म्हणतंय! समद्यांम्होरं मोडते. त्यो पितळी थाळा टांगलाय न्हवं दाराला, त्येच्यावर जेवणाचा एक टोला दिला की खालनं-वरनं समदी येत्यात. लागोपाठ वाजवला तर गोष्ट निराळी, तवा हातातलं टाकून रस्त्याकडं पळायचं — मागं गव्यांचा कळप अंगणात घुसलाता, तवापास्नं ठरलंय तसं. पर आता जेवणाचाच टोला देते. समदी बसली की म्हणते, पोरांनो, चला, जाऊया शाळंत. तुमच्यादेखत म्हणते. पोरगी बी हाय, पावणी बी हाय, मग मला माघार घेता येणार न्हाय. एवढी तव्यावरली फुगू दे. ही एक झाली की —

थांबा. बोलू नगा जरा.

काय ऐकू येतंय तुमास्नी? — पाऊस, व्हय, पाऊस तर हाय कवलावर. आणखी? — काय न्हाय. तेच म्हणते मी. काय न्हाय. कुंडीत पाणी पडत न्हाय. वर एवढा पाऊस कोसळतोय आन पाइप बंद — म्हंजे डोंगर आतनं हाललाय. कवापास्नं बंद हाय? मी बोलत बसले, मला — कवापास्नं बंद हाय, ताई?

उठ. उठ पोरी. ही धर, जुलेखाला धर, दुपट्यासकट, मान धर तिची — रडू दे, रडली तरी चालंल. पर्स राहू दे. चप्पल हुडकू नगंस, अनवाणी पळ. त्या कुत्र्याकडं जा सरळ, डांबरी रस्त्यावर, आन तितं बी थांबू नगंस, त्येच्याम्होरं जा, रस्त्याखालच्या मोरीच्या पलीकडं. तुझ्या मालकाचं मी बघते, मी थाळा वाजवते की — खालच्या वावरात बी जाईल ऐकू, वर बी जाईल, झऱ्यापास्नं पलीकडच्या अंगानं वाट हाय, विश्वजितला ठावं हाय, त्यो त्यास्नी हिकडनं उतरवायचा न्हाय. माझं काय बघतीस! माझ्या पायात चप्पल हाय. थांब — एवढं बघून जा. हे बघ. ही बघ मोडली. मोडली न्हवं? दोन तुकडं झालं न्हवं? सांग त्यास्नी तू बघितलंस म्हणून, म्हातारीनं तिच्या हातानं मोडली म्हणून सांग. जा आता. मागं बघू नगंस, जा म्हणते न्हवं! — विश्वजित रंऽऽ! वसीम रंऽऽ! पळा रंऽ! मोडली रं, मोडली मी भाकरी!